जेट स्कीचं हँडल कशाचं घ्यावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आमच्या या सदरात एरवी बोअरच्या पंपाचे, पॉवर टिलरचे, फार तर बुलेटच्या क्लचचे प्रश्न येतात. या खेपेला मात्र पाच जणांनी जेट स्कीच्या हँडलबद्दलच विचारलंय. पहिलं पत्र वाचून मी म्हटलं, बेळगावात समुद्र कुठाय ओ? पण खरं सांगायचं तर चोर्ल्यानं उतरा, अनमोडानं उतरा नाहीतर आंबोलीनं, सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला खाऱ्या पाण्याजवळ असतो, आणि आपली पोरं आता नुसती फोटो काढायला जात नाहीत, सेकंडहँड गाड्या घेऊन ठेवायला लागलीत. जेट स्की हे तसं कावासाकीचं नाव, यामाहाची ती वेव्हरनर, शिवाय सी-डू वेगळी, पण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं आपल्याकडं सगळ्यांना जेट स्कीच, मीही तेच म्हणणार.

प्रश्न : आम्ही चौघा मित्रांनी मिळून कारवारला एक जुनी, बसून चालवायची जेट स्की घेतलीय. दिवाळीत लाटेवरून उडवली आणि खाली आपटल्यावर हँडल डाव्या बाजूला क्लॅम्पजवळ (हँडल मधोमध आवळून धरणारी पकड) कटकन तुटून हातातच आलं. एक मित्र म्हणतो ७०७५ अॅल्युमिनियम टाक, दुसरा म्हणतो स्टेनलेस, तिसरा म्हणतो टायटॅनियम घे आणि विषय संपव. सगळ्यात स्ट्राँग कुठलं?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुटलेला तुकडा फेकून दिला नसेल अशी आशा आहे. तो आधी उन्हात धरा आणि तुटलेल्या तोंडाकडं नीट बघा, भिंग असेल तर उत्तमच. तोंडाचा काही भाग मळकट करडा, गुळगुळीत दिसेल आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकामागं एक बारीक कमानी दिसतील. उरलेला भाग चमकदार आणि जाड्या साखरेसारखा खरखरीत. कमानीवाला भाग म्हणजे जुनी चीर, रोज थोडी थोडी पुढं सरकलेली, तिच्यात पाणी जाऊन मळलेली. चमकदार भाग तेवढाच दिवाळीत तुटला. इंजिनिअर लोक या कमानींना बीच मार्क्स म्हणतात, तुमचं तर बीचवरच झालं म्हणा. मळकट भाग अर्ध्याहून जास्त असेल तर समजा की शेवटचा आपटा काही फार मोठा नव्हता, हँडल आधीच संपलेलं होतं.

म्हणून ‘सगळ्यात स्ट्राँग कुठलं’ या प्रश्नाला मी सरळ उत्तर देत नाही. मला त्याआधी विचारायचंय की ते जाताना कसं जातं. वाकून गेलं तर तुम्ही शिव्या देत का होईना किनाऱ्यावर येता. कटकन गेलं तर हातात पाईप, अंग पाण्यात, आणि बऱ्याच मॉडेलात इंजिन बंद करायचा स्विच डाव्या बाजूलाच असतो, म्हणजे तोसुद्धा त्या तुकड्याबरोबर वायरीला लोंबतोय. मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली होती ना? असेल तर गाडी बंद पडली असेल. नसेल तर पुढचं वाचायच्या आधी ती सवय लावा.

आता हिशेब करूया, कठीण नाही. समजा ७५ किलोचा माणूस आपटताना सगळं वजन एका हातावर टाकतो, आणि तो हात क्लॅम्पपासून ३० सेंटीमीटरवर आहे. खरं तर उडी मारल्यावर वजनाच्या दुप्पट-तिप्पटसुद्धा जोर येतो, पण आपण साधंच धरू. नेहमीचं हँडल २२.२ मिलीमीटर व्यासाचं, ३ मिलीमीटर जाडीच्या पाईपचं असेल तर क्लॅम्पच्या कडेला साधारण २९० मेगापास्कल (ताण मोजायचं माप) ताण येतो. ६०६१-टी६ हे आपलं नेहमीचं चांगलं अॅल्युमिनियम (६०६१ हा मिश्रणाचा नंबर, टी६ म्हणजे ते तापवून कडक केलेलं), ते २७५ च्या आसपास कायमचं वाकायला लागतं. म्हणजे गेलं. ७०७५-टी६ मात्र ५०० पर्यंत तग धरतं, तुमच्या पहिल्या मित्राचं इथपर्यंत बरोबर आहे.

पण आता तोच हात, तेच वजन, जाडीही तीच ३ मिलीमीटर, फक्त क्लॅम्पजवळ व्यास २८.६ करा. ताण उतरून १६० वर येतो. धातू बदललेला नाही, नुसता पाईपचा व्यास वाढला, आणि साधं ६०६१ निवांत झालं. याला बाजारात फॅटबार म्हणतात, मधे जाड आणि मुठीकडं परत २२.२ ला निमुळतं होतं म्हणून ग्रिप आणि स्विच जुनेच बसतात. क्लॅम्प मात्र २८.६ चा लागतो, आणि नव्या गाड्यांत हँडल, क्लॅम्प आणि वरचं प्लास्टिकचं कव्हर एका सेटसारखं असतं, तेव्हा कॅलिपरनं मोजल्याशिवाय आणि कव्हर उघडून बघितल्याशिवाय काही मागवू नका. रुंदी किंवा उंची वाढवली तर थ्रॉटलची केबल पूर्ण वळणावर ताणली जात नाही ना हेही बघायचं, नाहीतर पूर्ण वळवलंत की गाडी आपोआप पळायला लागेल, आणि ते कुणालाच नको.

मग ७०७५ का नको? नकोच असं नाही. पण त्यात जस्त ५-६ टक्के आणि तांबंही एक-दोन टक्के असतं, आणि टी६ अवस्थेत खाऱ्या पाण्यात, सतत आवळलेल्या ताणाखाली राहिलं तर आतल्या आत चिरायची भीती असते. बाहेरून रंग झकास. त्यावर टी७३ नावाचा दुसरा टेम्पर, म्हणजे तापवून कडक करायची दुसरी रीत आहे, ताकद थोडी कमी पण खाऱ्या पाण्याला बराच बरा. विकणाऱ्याला नुसतं ‘७०७५ आहे साहेब, विमानाचं मटेरियल’ एवढंच सांगता येत असेल आणि टेम्पर विचारल्यावर तो दुसरीकडं बघत असेल तर पैसे खिशात ठेवा. मोटोक्रॉसच्या काही हँडलांत २०१४ पण येतं, ताकदीला छान, पण चार-पाच टक्के तांबं म्हणजे समुद्राला आमंत्रणच.

शिवाय अॅल्युमिनियम कुठलंही असो, त्याला स्टीलसारखी ‘एवढ्या ताणाखाली कधीच तुटणार नाही’ अशी रेषा नसते. लहान लहान झटके मोजत बसतं आणि एक दिवस हिशेब पूर्ण करतं. (खाऱ्या पाण्यात स्टीलचीही ती रेषा पुसली जाते, त्यामुळं दुसऱ्या मित्रानं फार हसू नये.)

टायटॅनियम. समुद्राचं पाणी त्याचं काही करत नाही, हे खरंय. ग्रेड ९ चा पाईप, ज्यात ३ टक्के अॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम असतं, तो हँडलला फार सुंदर. स्टीलपेक्षा जवळपास निम्मा लवचिक कडकपणा, म्हणून हाताला झटके कमी लागतात. पण एक तर किंमत, आणि दुसरं म्हणजे तो अॅल्युमिनियमच्या क्लॅम्पमधे बसवला आणि मधे खारं पाणी आलं की दोघांची बॅटरी तयार होते आणि क्लॅम्प खाल्ला जातो. हँडल अमर, क्लॅम्प शहीद. वजनासाठी म्हणत असाल तर ७५ सेंटीमीटरचं तेच २२.२ बाय ३ चं हँडल अॅल्युमिनियममधे साधारण ३६५ ग्रॅम, टायटॅनियममधे ६१० आणि स्टीलमधे एक किलोच्या थोडं वर भरतं. तीनशे-साडेतीनशे किलोच्या गाडीवर त्यानं काय फरक पडणार सांगा.

तुमच्यासाठी माझं मत : २८.६ चं, ६०६१-टी६, अॅनोडाइज केलेलं (वर संरक्षक थर चढवलेलं), मधला आडवा दांडा वेल्ड केलेला नसलेलं. वेल्डच्या शेजारी टी६ ची ताकद जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरते आणि चीर तिथूनच निघते. क्लॅम्पची आतली कड धारदार असेल तर बारीक पॉलिश पेपरनं गोल करून घ्या, तुमचं हँडल बहुतेक त्याच कडेनं कापलंय.

प्रश्न : माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. रेलिंगसाठी लागतो तो स्टेनलेसचा पाईप पडून आहे, बेंडिंग मशीनही आहे. मी तीनशे रुपयांत हँडल करून देतो म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतं आधी विचारून या. काय होतंय ओ, पाईपच की ती!
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गिऱ्हाईक शहाणं आहे, त्याला जपा.

रेलिंगचा पाईप दीड मिलीमीटरच्या आसपास जाडीचा असतो. वरचाच हिशेब दीड मिलीमीटरला लावला तर ताण पावणेपाचशे मेगापास्कलच्या जवळ जातो, आणि साधं नरम ३०४ नंबरचं स्टेनलेस दोनशेच्या थोडं पुढं वाकायला लागतं. बेंडिंग करताना धातू जरा कडक होतो हे मान्य, तरी एवढं अंतर भरून निघत नाही. जिन्यावर आजी हात ठेवून चढते त्या पाईपवर माणूस लाटेवरून आपटणार, हे दोन वेगळे धंदे आहेत.

आणि पडून आहे तो ३०४ तरी आहे का? रेलिंगमधे २०२ नंबरचं स्टेनलेस भरपूर चालतं. मॅग्नेट लावून बघितलं, चिकटलं नाही म्हणजे ३०४, असं आपल्याकडं सगळे सांगतात, पण २०२ लाही मॅग्नेट चिकटत नाही, तेव्हा त्या परीक्षेला काही अर्थ नाही. समुद्राला ३१६ लागतं, त्यात २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाशी तेच लढतं. मॉलिब्डेनम ओळखायचं केमिकल मिळतं, घासलेल्या जागेवर थेंब टाकून रंग बघायचा. नाहीतर सरळ बेळगावला उद्यमबागेत या, फौंड्रीवाल्यांकडं स्पेक्ट्रो (धातूत काय काय आहे ते सांगणारं यंत्र) असतो, ओळखीतून एक तुकडा दिलात तर चहा संपायच्या आत कागद हातात. ३१६ चा, ३ मिलीमीटर जाडीचा, सीमलेस (जोड नसलेला) पाईप घेऊन करणार असाल तर करा, फक्त तीनशे रुपयांत होणार नाही.

आता बेंडिंगवरून माझीच एक फजिती सांगतो. खूप वर्षांपूर्वी एक ६०६१ चं हँडल मला जरा मागं झुकलेलं हवं होतं. एका वर्कशॉपात नेलं, तिथल्या मिस्त्रीनं अंगाचा साबण घेतला, पाईपवर घासला आणि गॅसची ज्योत फिरवली. साबण काळा पडला तसा म्हणाला, आता बघा लोण्यासारखं वाकतंय. खरंच वाकलं, मी खूश. अॅल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही म्हणून ही साबणाची युक्ती, आणि युक्ती अगदी खरी आहे, साबण काळा पडतो तेव्हा धातू नरम झालेला असतो. तेच तर चुकलं. टी६ ची २७५ ची ताकद त्या ज्योतीत पंचावन्नच्या आसपास आली, पाचवा हिस्सा. पहिल्याच दिवशी पाण्यात, फार जोर न लावता, दोन्ही मुठी हळूच खाली गेल्या, नमस्कार केल्यासारख्या. तुटलं नाही एवढंच नशीब, आणि मिस्त्रीचा दोष म्हणाल तर मी त्याला टेम्परचं बोललोच नव्हतो. अॅल्युमिनियमचं हँडल गरम करून वाकवायचं नाही, थंड वाकवून सरळही करायचं नाही. वाकलं की बदलायचं.

प्रश्न : कारवारला माझ्या दोन गाड्या भाड्यावर चालतात. हँडलचे बोल्ट जाम होतात, सीझननंतर खोलायला गेलो की क्लॅम्पसकट तुटतात. सगळे बोल्ट स्टेनलेसचे टाकलेत तरी असं का? आणि हँडल किती दिवसांनी बदलावं?
– एक वाचक, कारवार

उत्तर : स्टेनलेसचे टाकलेत ‘तरी’ नाही, टाकलेत ‘म्हणून’. बोल्ट स्टेनलेस, क्लॅम्प अॅल्युमिनियम, मधे खारं पाणी, की अॅल्युमिनियम झिजून पांढरी भुकटी होते आणि ती भुकटी फुगून आट्या घट्ट धरते. स्टेनलेस काढून साधे लोखंडी टाका असं मी म्हणत नाहीये, ते महिन्यात गंजतील. बोल्ट ३१६ चेच ठेवा, फक्त कोरडे बसवू नका. आट्यांना मरीन ग्रीस किंवा अँटीसीझ (आट्या जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, बोल्टच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर टाकू नका कारण तो दबून पकड ढिली होते. ग्रीस लावल्यावर तोच टॉर्क (पान्याचा पीळ) जास्त आवळतो हे लक्षात ठेवा, जोर जरा कमी. क्लॅम्पमधे जिथं हँडल बसतं तिथं मात्र ग्रीस नको, तिथं धुऊन कोरडं करून बसवा. चारही बोल्ट फुलीच्या क्रमानं, थोडे थोडे, दोन्हीकडची फट सारखी ठेवून. एका बाजूची फट पूर्ण मिटवून दुसरीकडं आवळलं की हँडल तिथं चिमटलं जातं.

जाम झालेला बोल्ट असेल तर लगेच पाना लावून अंग टाकू नका, दोन दिवस तेल मुरू द्या, मग क्लॅम्पला हेअर ड्रायरनं किंवा उकळत्या पाण्याच्या फडक्यानं गरम करा, अॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं आणि आटी मोकळी होते.

किती दिवसांनी बदलावं याला माझ्याकडं तारीख नाही, बघायची पद्धत आहे. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुता ना, नुसती बॉडी नाही, क्लॅम्पच्या फटीतसुद्धा पाणी मारा. महिन्यातून एकदा ग्रिप आणि पॅड काढून क्लॅम्पच्या दोन्ही कडा पुसा आणि नखानं चाचपा. नख अडकलं तर तो ओरखडा असेल किंवा चीर. पेनाची शाई लावून पुसा, चिरेत शाई राहते. राहिली तर त्या दिवसापासून ते हँडल बंद. भाड्याच्या गाडीला घरच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त माणसं हात लावतात आणि निम्मे पर्यटक हँडलला धरूनच पाण्यातून वर चढतात, तेव्हा मी तर दर दोन सीझनला बदलेन, चीर दिसो न दिसो.

प्रश्न : ऑनलाइन कार्बन फायबरचं हँडल स्वस्तात मिळतंय. घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. चांगलं कार्बन खरंच मजबूत असतं, पण स्वस्त कार्बन म्हणजे काय आहे ते वरून कळतच नाही, क्लॅम्पमधे जास्त आवळलं की आतले थर चिरडतात आणि बाहेरून लकलकीत दिसतं. शिवाय ते वाकत नाही. वाकणं हीच तर आपल्याला मिळणारी सूचना, ती याच्यात नाही.

प्रश्न : आम्ही हुक्केरी तालुक्यातले, फक्त गोड्या पाण्यात चालवणार, तीही वर्षातून चार-पाच वेळा. मोटरसायकलचं क्रोमवालं हँडल घरात पडलंय, बसतंय पण. चालेल का, की उगाच खर्च करायचा?
– एक वाचक, हुक्केरी

उत्तर : आधी एक, हिडकलच्या पाण्यात म्हणत असाल तर धरणात परवानगीशिवाय उतरू नका, हँडलचा प्रश्न नंतर.

गोड्या पाण्यात माझं मत जरा सैल आहे. वर जे ७०७५ ला खाऱ्या पाण्याचं भय सांगितलं ते इथं बरंच कमी होतं, धुऊन पुसून ठेवणार असाल तर खुशाल घ्या. क्रोमच्या हँडलबद्दल म्हणाल तर ताकद बरी असते, लोखंड वाकतं, सहसा कटकन तुटत नाही, म्हणून मला ते तत्त्वतः वाईट वाटत नाही. अडचण अशी की क्रोम फक्त बाहेरून. पाईपच्या आत काही नाही, आणि दोन्ही टोकं उघडी असली तर पाणी आत जाऊन आतूनच गंजतं, तुम्ही बाहेरून चकाकी बघत बसता. टोकातून टॉर्च मारून आत बघा. तांबडी भुकटी खाली पडली तर नको. स्वच्छ असेल तर आत गंजरोधक तेल फिरवून टोकांना घट्ट प्लग बसवा, आणि प्लग एरवीही हवाच, उघडं टोक पडल्यावर पोटात घुसतं. मोटरसायकलच्या हँडलची वाक मागं येणारी असते, पूर्ण वळवल्यावर मूठ गुडघ्याला लागत नाही ना हे गाडी ट्रेलरवर असतानाच बसून बघा.

जागा उरलीय तर टिळकवाडीच्या आणि कारवारच्या वाचकांना एक राहिलेलं सांगतो : काढलेलं, चीर पडलेलं हँडल भंगारात द्यायच्या आधी हॅकसॉनं मधोमध कापा. नाहीतर पॉलिश होऊन, वर नवीन ग्रिप चढवून, तेच पुढच्या सीझनला शेजारच्या गाडीवर बसलेलं दिसेल.